कम्युनिटी कॉलेजमधून यूसी-सीएसयूकडे: कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये हायस्कूलच्या मुलांचे निकाल हाती पडले की फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन रमोनपासून अर्वाईनपर्यंतच्या घरांतून हेच प्रश्न येऊ लागतात. जूनपासून पुण्या-नागपूरहून बारावी झालेल्यांचेही येतात. सगळे एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. उत्तरं फक्त कॅलिफोर्नियापुरती आहेत. टेक्सास, न्यू जर्सी किंवा वॉशिंग्टनचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे तिथल्या भाच्या-पुतण्यांना हे पान पाठवू नका.

१. कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमकं काय? तिथून यूसी बर्कलीला खरंच जाता येतं का?

येतं, आणि ही मागच्या दाराची वाट नाही. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला, तेव्हाच तीन पायऱ्या ठरल्या: यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी; दोन्ही अनेक कॅम्पसांची सरकारी विद्यापीठं) आणि सर्वांना खुली असलेली कम्युनिटी कॉलेजं. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करून उरलेली दोन विद्यापीठात करायची, हा त्या आराखड्याचाच भाग आहे. आज राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. बे एरियात डी अँझा, फूटहिल, मिशन, ओलोनी, डायब्लो व्हॅली ही नावं आपल्या लोकांच्या कानावर असतात. वय १८ पूर्ण असेल किंवा हायस्कूल झालं असेल तर प्रवेश मिळतो. यूसी जे ट्रान्सफर (दुसऱ्या कॉलेजातून मधेच येणारे) विद्यार्थी घेते, त्यांतले बहुसंख्य याच कॉलेजांतून आलेले असतात. दोन फ्रेशमनमागे (हायस्कूलमधून थेट पहिल्या वर्षाला येणारे) एक ट्रान्सफर हे यूसीचं जाहीर उद्दिष्ट आहे.

२. डिग्रीवर कम्युनिटी कॉलेजचं नाव येतं का? पुढे नोकरीत किंवा भारतात काही अडतं का?

डिग्री विद्यापीठाचीच मिळते, कॉलेजचं नाव फक्त ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) राहतं. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक डी अँझात शिकून बर्कलीला गेले होते. 'लोक काय म्हणतील' या भीतीपोटी कर्ज काढून मुलाला परराज्यातल्या महागड्या कॉलेजात घालायचा विचार असेल, तर आधी पुढचं उत्तर वाचा.

३. पैसे किती वाचतात?

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टर युनिटमागे (युनिट हे कोर्सचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर आहे. ट्रान्सफरला लागणाऱ्या ६० युनिटांचे २,७६० डॉलर होतात, तेही दोन वर्षांचे मिळून. यूसीत रहिवाशाची फी वर्षाला १५ हजार डॉलरच्या आसपास आहे, सीएसयूत साडेसहा हजारांच्या आसपास. हॉस्टेल आणि मेसचा खर्च वेगळा, आणि यूसीत बहुतेक वेळा तोच फीपेक्षा जास्त भरतो. खरी बचत घरी राहण्यातून होते. कॉलेजात पहिल्यांदाच पूर्णवेळ येणाऱ्यांची फी पहिली दोन वर्षं बऱ्याच कॉलेजांत माफ होते. या योजनेचं नाव कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस. नाव नोंदवतानाच तिची चौकशी करा.

हे सगळं रहिवाशांसाठी. व्हिसावर असाल तर प्रश्न १४ आणि १५ पाहा.

४. कोणते कोर्स घ्यायचे ते कसं कळणार? मैत्रिणीने घेतले तेच घेतले तर चालतील का?

चालणार नाहीत, आणि सगळ्यात जास्त वर्षं याच ठिकाणी वाया जातात. कॉलेजचा कोर्स विद्यापीठाच्या कुठल्या कोर्ससाठी धरला जातो हे कॉलेजागणिक, कॅम्पसागणिक आणि विषयागणिक बदलतं. त्याची अधिकृत यादी असिस्ट डॉट ऑर्ग या सरकारी संकेतस्थळावर आहे. तिथे आधी आपलं कॉलेज निवडायचं, मग विद्यापीठ, मग मेजर, म्हणजे मुख्य विषय. दोन रकान्यांचं पान उघडतं: डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला कोर्स, उजवीकडे तुमच्या कॉलेजातला त्याच्या जोडीचा. उजवीकडे 'जोड नाही' असा शेरा दिसला, तर तो कोर्स तुमच्या कॉलेजात होत नाही. मग दुसऱ्या कॉलेजात करावा लागेल किंवा विद्यापीठात गेल्यावर. दोन कोर्स 'आणि'ने जोडलेले असतील तर दोन्ही करायचे. एकच केला तर काहीच पदरी पडत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: मेजर, मग तीन-चार कॅम्पस, मग असिस्टवरच्या त्या कॅम्पसांच्या याद्या शेजारी ठेवून कोर्सचं नियोजन. आपल्याकडे हे उलटं होतं. आधी कॉलेजात नाव घालतात, मग मिळेल त्या वेळेचे वर्ग घेतात, आणि तिसऱ्या सेमिस्टरला कळतं की बर्कलीला हवी असलेली लिनिअर अल्जिब्रा राहूनच गेली. मेजर पक्कं नसेल तरी दोन पर्याय डोळ्यांसमोर ठेवा आणि दोघांना सामाईक असलेले कोर्स आधी उरका.

काउन्सेलरला दर सेमिस्टरला भेटा, पण असिस्टची यादी हातात घेऊन जा. काउन्सेलरकडे अर्ध्या तासात येणारे विद्यार्थी अनेक असतात. तुमच्या मेजरचा बारकावा तुम्हालाच माहीत असायला हवा.

५. किमान अटी काय आहेत?

यूसीसाठी ट्रान्सफर होण्याजोगी ६० सेमिस्टर युनिटं किंवा ९० क्वार्टर युनिटं (काही कॉलेजांत वर्षात दोन सेमिस्टरऐवजी तीन क्वार्टर असतात). त्यांत इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स, गणिताचा एक, आणि कला-मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं व विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतले चार, असे सात कोर्स 'सी' किंवा त्याहून चांगल्या ग्रेडने हवेत. जीपीए, म्हणजे ग्रेडची ४.० पैकी सरासरी, रहिवाशाला किमान २.४, अनिवासी विद्यार्थ्याला २.८. सीएसयूत रहिवाशाला २.०, अनिवासीला २.४. सीएसयूत चार कोर्स सोन्यासारखे सांभाळायचे, तिथे त्यांना 'गोल्डन फोर'च म्हणतात: भाषण, लेखन, चिकित्सक विचार आणि गणित.

हे आकडे अर्ज भरण्यापुरते आहेत. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग, बिझनेस यांना बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगोत प्रवेश मिळणाऱ्यांचे जीपीए ४.० ला टेकलेले असतात. प्रत्येक कॅम्पस आणि मेजरचे मागच्या वर्षीचे ट्रान्सफर जीपीए यूसी स्वतः प्रसिद्ध करते. ते एकदा पाहिले की घरातल्या चर्चा जमिनीवर येतात.

६. कॅल-जीईटीसी पूर्ण करायचंच का?

मेजरवर अवलंबून आहे. कॅल-जीईटीसी हा सामान्य शिक्षणाच्या कोर्सेसचा संच. २०२५ च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणारं सत्र) तो यूसी आणि सीएसयू दोघांना चालतो. त्याआधी आयजीईटीसी आणि सीएसयूचा वेगळा संच असे दोन होते. २०२५ च्या आधी सुरुवात करून खंड न पडू देता शिकत असाल, तर जुना संच पुरा करता येतो का ते काउन्सेलरला विचारा.

इतिहास, मानसशास्त्र, अर्थशास्त्र अशा मेजरना संच पूर्ण करून जाणं फायद्याचं. इंजिनिअरिंग आणि बऱ्याच विज्ञानशाखांना मात्र गणित-भौतिकशास्त्राची साखळी आधी हवी असते. तिथे सामान्य कोर्सेसच्या नादात फिजिक्स राहिलं तर अर्जच कमकुवत होतो. त्यांनी असिस्टच्या यादीला पहिला मान द्यावा.

७. टॅग म्हणजे प्रवेशाची हमी असं ऐकलं. खरं का?

खरं, पण अटींसकट. टॅग म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी. सहा कॅम्पस ही हमी देतात: डेव्हिस, अर्वाईन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर या काळात भरायचा, तोही एकाच कॅम्पससाठी. त्या वेळी ३० सेमिस्टर युनिटं झालेली असावी लागतात.

लोक ज्या गोष्टी विसरतात, त्या अशा. टॅग मंजूर झाला तरी नोव्हेंबरातला नेहमीचा यूसी अर्ज भरावाच लागतो, आणि त्यात मेजर तेच लिहावं लागतं. टॅग एका कॅम्पसला असला तरी बाकीच्या आठांना अर्ज करायला मोकळीक आहे, आणि करावाच. पहिला इंग्रजी लेखनाचा कोर्स आणि गणित फॉल संपेपर्यंत व्हायला हवं. शिवाय प्रत्येक कॅम्पसचा जीपीए वेगळा असतो आणि काही मेजरना टॅग लागूच नाही. सांता बार्बराच्या इंजिनिअरिंगला तो नाही. ही सगळी माहिती यूसीच्या टॅग मॅट्रिक्समध्ये असते आणि ती दरवर्षी बदलते. थोरल्या भावाच्या वेळची प्रत वापरू नका.

यूसीएलए टॅग देत नसलं तरी तिचा ट्रान्सफर अलायन्स प्रोग्रॅम आहे. कॉलेजच्या ऑनर्स कार्यक्रमातून त्याचं प्रमाणपत्र मिळालं तर अर्जाला प्राधान्य मिळतं, हमी नाही.

८. सीएसयूसाठीही अशी हमी आहे का?

आहे. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर, म्हणजे एडीटी. २०१० च्या कायद्याने सुरू झाली. ठरावीक ६० युनिटांची ही पदवी कम्युनिटी कॉलेजातच घेतली की सीएसयूमध्ये कुठेतरी जागा नक्की, आणि तिथे आणखी ६० युनिटांत बॅचलर्स पुरी. 'कुठेतरी' हा शब्द नीट वाचा. सॅन होजे स्टेटचं कॉम्प्युटर सायन्स किंवा कॅल पॉलीचं इंजिनिअरिंग त्या हमीत येत नाही.

९. तारखा सांगा. आम्ही दरवेळी उशीर करतो.

पुढच्या फॉलला जायचं असेल तर आदल्या वर्षीपासून मोजा. १ ऑगस्टला यूसीचा अर्ज उघडतो. सप्टेंबरात टॅग. १ ऑक्टोबरपासून यूसी आणि सीएसयू दोन्हींचे अर्ज दाखल करता येतात. शेवटची मुदत नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत असते, नक्की तारीख त्या वर्षीची पाहा. जानेवारीत यूसीचं ट्रान्सफर अकॅडमिक अपडेट भरायचं. यात फॉलच्या ग्रेड आणि स्प्रिंगचे (जानेवारीनंतरच्या सत्राचे) कोर्स कळवतात. पुष्कळ मुलं अर्ज झाला म्हणून निवांत होतात आणि हे विसरतात. २ मार्चच्या आत आर्थिक मदतीचा अर्ज. यूसीचे बहुतेक निकाल एप्रिलअखेरपर्यंत लागतात, आणि १ जूनपर्यंत होकार कळवायचा असतो.

यूसीची अर्ज फी कॅम्पसमागे ८० डॉलर, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याला ९५. सीएसयूची ७०. उत्पन्न कमी असेल तर माफी मिळते.

१०. एसएटी, शिफारसपत्रं, निबंध?

एसएटी यूसी बघतच नाही. शिफारसपत्रंही नेहमीच्या अर्जात मागत नाहीत. निबंध आहेत: चार छोटी उत्तरं, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. एक सगळ्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांना सक्तीचं असतं आणि ते या मेजरची तयारी कशी केली याबद्दल असतं. बाकी तीन सातांतून निवडायची. सक्तीच्या उत्तरात बालपण आणि आजोबांची शिकवण घालू नका. कुठला कोर्स आवडला, लॅबमध्ये काय केलं, कुठे नोकरी केली, ते सांगा. सीएसयूला बहुतेक ठिकाणी निबंध लागत नाहीत.

११. दोन वर्षांत होतंच ना?

मानव्यविद्येच्या मेजरला होतं. इंजिनिअरिंगला तीन वर्षं धरून चाला. कॅल्क्युलसचे कोर्स, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, फिजिक्सचे तीन, प्रोग्रॅमिंगचे दोन-तीन, आणि हे सगळं एकावर एक अवलंबून. पहिल्या सेमिस्टरला प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात झाली तर दोन वर्षांत बसतच नाही. समरमध्ये वर्ग घ्या, पण उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांत फिजिक्स आणि कॅल्क्युलस एकदम घेऊ नका. तिसरं वर्ष कॉलेजात गेलं तर जीपीए टिकतो, घाईत पडलेला 'सी' मात्र कायमचा राहतो.

१२. डी अँझात अर्धं झालंय, उरलेलं ओलोनीत केलं तर?

एकेकटे कोर्स हलवता येतात, साखळी मध्येच तोडू नका. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, बाकीची बहुतेक कॉलेजं सेमिस्टरवर. डी अँझाची कॅल्क्युलस १ए ते १डी अशा चार तुकड्यांत आहे. सेमिस्टरवाल्या कॉलेजात तोच अभ्यासक्रम तीन तुकड्यांत. १ए आणि १बी करून ओलोनीत गेलात तर काही धडे दोनदा येतील, काही येणारच नाहीत, आणि असिस्टवर तुमचा अर्धा-अर्धा जुळेल अशी ओळ सापडणार नाही. कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्रीची साखळी सुरू केली तिथेच संपवा. इंग्रजी किंवा इतिहास कुठेही करा.

२०२५ पासून काही सामाईक कोर्सेसना राज्यभर एकच क्रमांक मिळायला लागला आहे, जसं इंग्रजी लेखनाला 'ईएनजीएल सी१०००'. त्यामुळे असे कोर्स हलवणं सोपं झालं आहे.

१३. एका कॉलेजात दोन विषय नापास झाले. ते कॉलेज अर्जात दाखवलं नाही तर?

दाखवा. जिथे जिथे नाव नोंदवलं, तिथली प्रत्येक ट्रान्स्क्रिप्ट द्यावी लागते. लपवलेलं उघड झालं तर मिळालेला प्रवेश रद्द होतो, अगदी ऑगस्टमध्येसुद्धा. नापास कोर्स पुन्हा करून चांगली ग्रेड घेता येते. एखाद-दुसऱ्या 'डब्ल्यू'ने (मधेच सोडलेल्या कोर्सच्या शेऱ्याने) काही बिघडत नाही, दर सेमिस्टरला असेल तर कारण विचारलं जातं. पास-नापास पद्धतीने यूसी जास्तीत जास्त १४ सेमिस्टर युनिटं धरते. मेजरचे कोर्स तसे घेऊच नका.

याचीच दुसरी बाजू: हायस्कूलमध्ये असताना उन्हाळ्यात घेतलेला कॉलेजचा कोर्सही कायमच्या कॉलेज ट्रान्स्क्रिप्टवर जातो. दहावी-अकरावीतल्या मुलाला शेजाऱ्यांच्या ईर्ष्येने कठीण कोर्सला बसवू नका, तिथला 'डी' पाच वर्षांनी यूसीच्या अर्जात उभा राहतो. हायस्कूलमध्ये असे कोर्स घेतले तरी मूल पुढे फ्रेशमन म्हणूनच अर्ज करतं, ट्रान्सफर होत नाही.

१४. आम्ही एच-१बी वर, मुलगी एच-४ वर. फी कोणती? आणि ती २१ ची झाली की?

एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) कॅलिफोर्नियात रहिवासी ठरता येतं. सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य, आणि इथेच राहण्याचा हेतू दाखवणारी कागदपत्रं लागतात: कर, लायसन्स, भाडेकरार. मग फी ४६ डॉलरचीच. सरकारी अनुदानं आणि कर्जांच्या एफएएफएसए अर्जात मात्र एच-४ ला जागा नाही, आणि एच-४ वर पगारी इंटर्नशिप करता येत नाही.

मोठा धोका २१ व्या वाढदिवसाचा आहे. त्या दिवशी एच-४ संपतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या भारतीय घरांत हे वारंवार घडतं, आणि ट्रान्सफर विद्यार्थी नेमका यूसीत असतानाच २१ चा होतो. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतला की शिक्षण चालू राहतं, पण एफ-१ वर रहिवासी ठरता येत नाही, आणि यूसीत अनिवासी विद्यार्थ्याला वर्षाला ३७ हजार डॉलरच्या वर जादा फी पडते. कॅलिफोर्नियात तीन वर्षं हायस्कूल करून पास झालेल्यांसाठी एबी ५४० ही सवलत आहे. तुमच्या व्हिसाला ती लागते का, हे त्या कॅम्पसच्या रेसिडेन्सी ऑफिसकडून लेखी घ्या. आणि हा प्रश्न कॉलेजच्या पहिल्या वर्षीच इमिग्रेशन वकिलाकडे न्या, वाढदिवसाच्या आदल्या महिन्यात नको.

१५. मुलगा पुण्यात बारावी झाला. एफ-१ वर थेट कम्युनिटी कॉलेजात येणं शहाणपणाचं आहे का?

खर्चाचं गणित आधी मांडा. एफ-१ वर युनिटचा दर सेमिस्टर कॉलेजात बहुतेक ठिकाणी ३०० डॉलरच्या पुढे जातो, राहणं-खाणं वेगळं, आणि यूसीत गेल्यावरही अनिवासी फीच. तरी पहिली दोन वर्षं यूसीपेक्षा बरीच स्वस्त पडतात, वर्ग लहान असतात आणि टॅगही मिळू शकतो. पूर्ण चार वर्षांचे पैसे कागदावर जमत असतील तरच या. 'दोन वर्षांनी बघू' असं म्हणून येऊ नका.

नियम काटेकोर पाळा: दर सेमिस्टरला किमान १२ युनिटं, आणि त्यांत ऑनलाइन म्हणून एकच कोर्स मोजला जातो. काम फक्त कॅम्पसवर, वर्ग चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. ट्रान्सफरच्या वेळी जुन्या कॉलेजने तुमची सेव्हिस नोंद (सरकारकडची परदेशी विद्यार्थ्याची नोंद) नव्या विद्यापीठाकडे सोडायची असते, मगच नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठीचा विद्यापीठाचा दाखला) मिळतो. इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स 'सी' किंवा वर झाले असले की यूसीला टोफेल वेगळी द्यावी लागत नाही.

१६. एस.वाय.बी.कॉम. झालंय. ते युनिट म्हणून धरतील का?

काही प्रमाणात. भारतातल्या विद्यापीठाचे कोर्स यूसी स्वतः तपासते. कॉलेजं बहुधा बाहेरच्या मूल्यमापन संस्थेचा अहवाल मागतात. बारावीचे मार्क कॉलेज युनिट होत नाहीत. इंग्रजी लेखनाचे कोर्स इथेच करावे लागतील असं धरून चाला. यूसीच्या लेखी कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी व्हायचं तर शेवटचं कॉलेज तेच हवं, उन्हाळा सोडून किमान दोन सत्रं आणि किमान ३० सेमिस्टर युनिटं तिथली हवीत. भारतातली तीन वर्षांची डिग्री पूर्ण झाली असेल तर दुसऱ्या बॅचलर्ससाठी यूसी सहसा घेत नाही, तेव्हा मास्टर्सचा विचार करा. भारतातली मार्कशीटही प्रश्न १३ च्या नियमात येते.

१७. युनिटं जास्त झाली तर प्रवेश नाकारतात म्हणे?

कम्युनिटी कॉलेजची कितीही झाली तरी यूसी ७० सेमिस्टर युनिटांपर्यंतच मोजते. त्यापुढच्या कोर्सचा विषय धरतात, युनिट धरत नाहीत, आणि त्यापायी नाकारत नाहीत. एपीची (हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांची) युनिटंही त्रास देत नाहीत. अडचण येते ती चार वर्षांच्या विद्यापीठात आधी वरच्या पातळीचे कोर्स केलेल्यांना.

१८. प्रवेश मिळाला, पण स्प्रिंगमध्ये एक 'डी' आला. आता?

त्याच दिवशी कॅम्पसला कळवा. मिळालेला प्रवेश तात्पुरता असतो: अर्जात लिहिलेले कोर्स पूर्ण करणं, जीपीए टिकवणं, आणि अंतिम ट्रान्स्क्रिप्ट जुलैच्या सुरुवातीला पोचवणं अशा अटी त्यात असतात. कोर्स सोडायचा किंवा बदलायचा असेल तर करण्याआधी विचारा. स्वतःहून कळवलेल्यांना अनेकदा समरमध्ये तो कोर्स पुन्हा करायची मुभा मिळते. गप्प बसलेल्यांचा प्रवेश ट्रान्स्क्रिप्ट पोचल्यावर रद्द होतो, तेव्हा सीएसयूच्या जागाही भरलेल्या असतात.

१९. कुठेच मिळालं नाही तर?

अपील करता येतं, पण अर्जात नसलेली नवी आणि ठोस माहिती असेल तरच उपयोग होतो. नाराजी पुरेशी नसते. आणखी एक वर्ष कॉलेजात राहून पुन्हा अर्ज करता येतो. राहिलेले मेजरचे कोर्स तेव्हा पूर्ण करा, नुसती युनिटं वाढवू नका. एवढ्या वेळात मेजरबद्दल शंका आली असेल तर जवळच्या मेजरची असिस्ट यादीही उघडून पाहा. कॉम्प्युटर सायन्सऐवजी स्टॅटिस्टिक्स किंवा डेटा सायन्सची तयारी बरीच सामाईक निघते. काही सीएसयू कॅम्पस स्प्रिंगमध्येही ट्रान्सफर घेतात आणि त्याचे अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात, म्हणून जुलैतच त्यांची यादी काढून ठेवा.